वह्या माळ्यावरून खाली काढा

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, दोन विषय राहिलेत आणि आता तो कॉलेज सोडायचं म्हणतोय. त्याला कर्ट व्होनगटसारखं लिहायचंय, म्हणजे विज्ञानकथेतून माणसांना आणि व्यवस्थेला चिमटे काढणारं. बाबांनी रागाच्या भरात त्याच्या गोष्टींच्या वह्या माळ्यावर टाकल्या. आणि तुम्ही विचारताय, 'हा व्होनगट कोण, आणि त्याचं घर कशावर चालायचं, तेवढं तरी सांगा.' प्रश्न अगदी रास्त आहे, आधी त्याचंच उत्तर देते.

व्होनगटचा जन्म १९२२ चा, अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा. वडील आर्किटेक्ट, थोरला भाऊ बर्नार्ड शास्त्रज्ञ. धाकट्याने काहीतरी उपयोगाचं शिकावं असं दोघांचं मत पडलं, म्हणून कॉर्नेल विद्यापीठात त्याने रसायनशास्त्राची वाट धरली. तिथे मार्क घसरत गेले, आणि विद्यार्थ्यांच्या दैनिकात मात्र तो रमला. ओळखीचं वाटतंय ना? पुढे सैन्य, जर्मनांची कैद. फेब्रुवारी १९४५ मध्ये जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर बॉम्बफेकीत जळालं तेव्हा तो तिथेच, एका कत्तलखान्याच्या तळघरात होता.

१९४७ साली त्याला जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या जनसंपर्क विभागात नोकरी लागली. शास्त्रज्ञांच्या खोल्यांमधून फिरायचं, काय नवीन चाललंय ते विचारायचं आणि त्याची बातमी करायची, असं काम. जेट इंजिनाचे भाग कापणारं एक यंत्र पंचकार्डांवर, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरच्या सूचनांनी, आपोआप चालताना त्याने तिथे पाहिलं. एरवी ते कसबी कारागिराच्या हातचं काम. सगळं यंत्रांनीच केलं तर माणसाने दिवसभर करायचं काय, या प्रश्नातून त्याची पहिली कादंबरी १९५२ साली आली. नेहमीच्या तापमानालाही गोठून राहणारं पाणी ही १९६३ च्या कादंबरीतली कल्पनाही त्याच कंपनीतली, नोबेल मिळालेल्या अर्व्हिंग लँगम्यूर यांची. तो त्या नोकरीला मनापासून कंटाळला होता, आणि तरीही आयुष्यभर पुरेल असा ऐवज तिने त्याला दिला.

आता पैशाचं. हा भाग बाबांनाही वाचून दाखवा. १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याची पहिली कथा 'कोलियर्स' साप्ताहिकाने घेतली. ७५० डॉलर मिळाले, त्यातले १० टक्के एजंटचे. त्याने वडिलांना पत्र लिहून कळवलं की चेक बँकेत टाकलाय, आणि वर्षभराच्या पगाराइतकी रक्कम साठेपर्यंत असंच टाकत राहणार, मगच राजीनामा. १९५१ साली त्याने नोकरी सोडली. एवढी काळजी घेऊनही पुढची वर्षं ओढाताणीची गेली. 'कोलियर्स' १९५७ च्या सुरुवातीला बंद पडलं. त्याने 'साब' या स्वीडिश मोटारींची एजन्सी चालवून पाहिली, तीही चालली नाही. १९५८ मध्ये बहीण आणि तिचा नवरा एक-दोन दिवसांच्या अंतराने गेले, तेव्हा स्वतःच्या तीन मुलांत त्यांच्या तिघांची भर पडली. १९६५ पासून आयोवा विद्यापीठात लेखन शिकवण्याची नोकरी धरली. ड्रेस्डेनवरच्या कादंबरीने खरं नाव झालं ते १९६९ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी.

मुलाला हे घाबरवण्यासाठी सांगू नका. त्याने बहुतेक हे वाचलंही असेल, फक्त पगाराची पानं भरभर उलटली असतील. या वयात सगळेच उलटतात.

तुम्ही पाठवलेली त्याची गोष्ट मला आवडली. खड्डे बुजवणारा रोबो मंजुरीच्या सहीसाठी उभा आहे, आणि उभ्या उभ्या त्याच्याच पायाखाली नवा खड्डा पडतो. ही कल्पना त्याची स्वतःची आहे, उसनी नाही. पण गोष्ट सरकारी कार्यालयात शिरते आणि तिचा जीव जातो. साहेब 'उद्या या' म्हणतात, क्लार्क पान खातो, बस्स. ही माणसं त्याने सिनेमात पाहिली आहेत, काउंटरवर नाही. फाईल नेमकी कुठे अडते, कोणत्या शेऱ्याने परत येते, अडवणाऱ्याची स्वतःची अडचण काय असते, हे त्याला माहीत नाही. उपरोध तिथूनच येतो ना. व्होनगटला यंत्र आणि साहेब दोन्ही आतून ठाऊक होते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कॉलेज सोडू नये. राहिलेले विषय काढावेत, डिग्री घ्यावी. मात्र डिग्रीनंतर कोडिंगच केलं पाहिजे असा हट्ट तुम्हीही धरू नका. हिंजवडीतल्या कंपन्यांना तांत्रिक लेखन करणारी माणसं लागतात. विज्ञान पत्रकारिताही आहे, आणि त्यासाठी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. आपल्या पुण्यात पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था आहे, कृत्रिम पावसावर संशोधन करणारी उष्णदेशीय हवामान संस्था आहे. तिथली व्याख्यानं त्याने चुकवू नयेत. शास्त्रज्ञ कसे बोलतात, कुठे अडखळतात, ते कानावर पडू दे.

मराठीत निव्वळ कथांवर घर चालवणं फार अवघड आहे, हे मी त्याच्यापासून लपवणार नाही. पण नोकरी सांभाळून लिहिण्याची वाट आपल्याकडे चांगली मळलेली आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि पहिली आली. आद्याक्षरं उलटी वाचा: खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर यांनी स्वतःची आद्याक्षरं फिरवून ते नाव घेतलं होतं. कथा नावावर नाही, गुणांवर पारखली जावी म्हणून. तुमच्या मुलानेही आपली गोष्ट अनोळखी परीक्षकांकडे पाठवावी. दिवाळी अंकांसाठी पाठवायची तर पावसाळ्याच्या आधीच तयार हवी.

एक काम बाबांसाठी. वह्या त्यांनीच टाकल्या, तेव्हा खाली त्यांनीच काढाव्यात. आणि आपल्या ऑफिसात आजवर अडकलेल्या सगळ्यात हट्टी फाईलची गोष्ट त्याला सांगावी, तारखा, शेरे, सह्या यांच्यासकट. त्याच्या गोष्टीतली कार्यालयाची ती दोन पानं मी पेन्सिलीने खुणा करून सोबत परत पाठवते आहे. बाबांचं ऐकून झालं की त्याने ती नव्याने लिहावीत आणि मला पाठवावीत. मी वाट पाहीन.

तुमची,
करिअर समुपदेशक