इंग्रजी कच्चं असेल तर जपानी शिकता येईल का? साधनं आणि संधी कोणत्या?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण मराठी माध्यमात झालं आणि क्लासवाल्यांनी "आधी इंग्रजी सुधारा" म्हणून परत पाठवलं. साधनं, संधी यांकडे येते, पण हे वाक्य वाचून राहवलं नाही. हेच वाक्य मी पुण्यात भरल्या वर्गात ऐकलंय.

खासगी क्लास होता, एन-फोरची बॅच, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी. 'ते-शिमाउ' हे रूप चाललं होतं. काम पुरतं संपणं आणि नको ते हातून होऊन जाणं, या दोन्ही छटा सेन्सेई, म्हणजे आमच्या बाई, इंग्रजीतून समजावत होत्या आणि अर्धा वर्ग गोंधळला होता. मी चौकटीच्या वहीत कडेला लिहिलं, "ताबेते शिमाइमाशिता = खाऊन टाकलं". फेरी मारताना त्या थांबल्या, वही उचलून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाल्या, "मराठीत विचार करून जपानी येत नाही. आधी इंग्रजी नीट करा." मुलं हसली. मी ती ओळ इतकी दाबून खोडली की पान फाटलं.

त्या रात्री आईचा फोन आला. एसटीने डबा पाठवला होता. "लाडू एक खाऊन बघ, बाकीचे झाकून ठेव. चिवडा आधी खाऊन टाक, मऊ पडेल. येताना डबा घेऊन ये." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आईने अख्खा धडा म्हणून दाखवला होता.

खाऊन बघणे, 'ताबेते मिरु'. 'मिरु' म्हणजे बघणेच. झाकून ठेवणे, लिहून ठेवणे यातलं 'ठेवणे' म्हणजे 'ओकु': 'काइते ओकु', लिहून ठेवणे. घेऊन येणे 'मोत्ते कुरु', घेऊन जाणे 'मोत्ते इकु'. त्यांचं 'ते' तिथे आपलं 'ऊन'. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे, आणि प्रश्नाला शेवटी चक्क 'का': "किमासु का?" म्हणजे "येता का?" हे सगळं आपल्या तोंडात लहानपणापासून आहे. ते इंग्रजीत नेऊन परत जपानीत आणायचं कशाला? मी वहीच्या मागच्या पानांवर अशी यादी करत गेले. वर्गात दाखवली नाही. पुढच्या पातळ्या, एन-थ्री आणि एन-टू, त्याच यादीच्या जोरावर निघाल्या.

आज चाकणला एका कारखान्यात दुभाषी आहे. परवा जपानी इंजिनिअर नवीन फिक्स्चर दाखवत ऑपरेटरला म्हणाले, "चोत्तो यात्ते मिते कुदासाई." मी म्हटलं, "जरा करून बघा." त्याने लगेच हात घातला. मध्ये इंग्रजीचा एक शब्द लागला नाही.

आता साधनं. जपान फाउंडेशनचा 'इरोदोरी' अभ्यासक्रम ध्वनिफितींसकट फुकट उतरवून घेता येतो आणि त्यांच्याच 'मिनातो' संकेतस्थळावर घरबसल्या करायचे वर्ग आहेत. एनएचके वर्ल्डचे सुरुवातीचे धडे हिंदीतूनही मिळतात. पुण्यात विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये प्रमाणपत्र वर्ग चालतात, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीची पदवी आहे. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, पुणे केंद्र आहे. पण त्या परीक्षेत ना बोलायचं असतं ना लिहायचं, सगळे पर्यायी प्रश्न. एन-टू पास होऊनही फोन उचलायला घाबरणारे मी पाहिलेत. रोज मोठ्याने बोला.

शिष्यवृत्तीत जपान सरकारची मेक्स्ट मोठी. तिच्यातला भाषा-संस्कृतीचा प्रकार तिथल्या विद्यापीठात सुमारे वर्षभर शिकायचा आहे, पण तो जपानी हाच मुख्य विषय घेऊन पदवी करणाऱ्यांसाठी. नुसत्या क्लासवर मिळत नाही, म्हणून पदवीचा विचार आत्ताच करा. नोकरीसाठीच जायचं असेल तर 2019 पासून 'तोकुतेई गिनो' हा व्हिसा आहे, वृद्धांची शुश्रूषा वगैरे कामांसाठी. त्याला साधारण एन-फोरइतकी भाषा आणि कामाची वेगळी परीक्षा लागते. तिकडे पाठवतो म्हणून आधीच लाखभर मागणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

मराठी सगळीकडे पुरते असंही नाही. नामामागे लागणाऱ्या 'वा' आणि 'गा' या प्रत्ययांमधला फरक आपल्याकडे नाही, तो कान तयार होईपर्यंत छळतो. स्वर लांबवण्यात हयगय केली तर 'ओबाआसान' म्हणजे आजीची 'ओबासान' म्हणजे मावशी होते. कांजीला, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या अक्षरांना, तर घोटण्यावाचून इलाज नाही, मी अजून रोज पाच घोटते. शिष्यवृत्तीच्या अर्जाला आणि ईमेलला इंग्रजी लागेलच, ते सोबत शिकत राहा. सोबत म्हणतेय मी, आधी नाही. त्या सेन्सेईंचं शिकवणं चांगलं होतं, उच्चार त्यांनीच घासून घेतले. पण त्या ओळीबद्दल त्या चुकल्याच. "खाऊन टाकलं" बरोबर होतं.

ती वही अजून आहे. मागच्या पानांवरची यादी हवी असेल तर खाली सांगा, रविवारी टाइप करून ठेवते.