जुन्या स्कॉट्समधली ‘कर्क’ची माणसं

जुन्या स्कॉट्स भाषेतलं, म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीतलं, मराठीत आणताना ‘मिनिस्टर’ दिसला की ‘मंत्री’ लिहू नकोस. मी सुरुवातीला लिहिला होता. गावचा मंत्री लग्न लावतोय, असं वाक्य छापायच्या आधी सापडलं म्हणून वाचलो! स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये, म्हणजे तिथल्या ‘कर्क’मध्ये, मिनिस्टर म्हणजे पाळक. त्याचं घर ‘मॅन्स’. मंडळीचा कारभार बघणाऱ्या ‘एल्डर’ला आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत ‘वडील’ म्हणतातच, तोच शब्द घे.

‘स्टिकिट मिनिस्टर’ मात्र जपून. ‘स्टिकिट’ म्हणजे अडकलेला: शिक्षण झालं, पण पाळकपद काही मिळालं नाही. असा माणूस बरेचदा शाळामास्तर व्हायचा. मी ‘अडलेला पाळक’ करतो; त्यातली बोच राहायला हवी.

‘कटी स्टूल’ हे पश्चात्तापाचं बुटकं आसन. व्यभिचाराचा ठपका आलेल्याला भर उपासनेत, सगळ्या गावासमोर त्यावर बसवत.

आणि साल बघत जा, कोणतं चर्च ते त्यावर ठरतं. १८४३च्या फुटीत कर्कमधून ‘फ्री चर्च’ वेगळं झालं (मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सनही तिकडेच गेले). ‘वी फ्री’ हे चिडवणं मुख्यतः फ्री चर्चच्या १९००मधल्या दुसऱ्या चर्चशी विलीनीकरणाला नकार देणाऱ्या मूठभरांना चिकटलं. ‘वी’ म्हणजे चिमुकले.