मुलीसाठी आंतरराष्ट्रीय शाळा शोधणाऱ्या एका माजी विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. लेकीची पाचवी संपत आली आहे, बाणेर ते हिंजवडी या पट्ट्यातल्या चार शाळा तुम्हा दोघांच्या पाहून झाल्या आहेत, चारही ठिकाणी पोहण्याचा तलाव आहे आणि चारही ठिकाणी "आता थोड्याच जागा उरल्या आहेत" असे ऐकायला मिळाले आहे, हे वाचून मला हसू आले. तलावाबद्दल मला काही म्हणायचे नाही. मी सव्वीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि त्यांतली शेवटची बारा वर्षे आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळेत समन्वयक म्हणून काढली, त्यामुळे मला सांगण्यासारखे आहे ते एवढेच की सहावीचा प्रवेश घेताना विचाराची सुरुवात बारावीपासून करावी आणि तिथून एकेक इयत्ता मागे येत सहावीपर्यंत पोहोचावे. बहुतेक पालक उलट दिशेने जातात. सहावीला शाळा आवडते, दहावीला प्रश्न पडतात आणि अकरावीला धावपळ सुरू होते.

आधी पाटीचे बघू. शाळेच्या नावातल्या 'इंटरनॅशनल' या शब्दावरून काहीच कळत नाही. असे नाव असलेल्या कित्येक शाळा सीबीएसईशी संलग्न असतात, आणि त्यात गैर काही नाही, फक्त आपण काय घेत आहोत हे आपल्याला ठाऊक हवे. खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आपल्याकडे मुख्यतः दोन. 1968 साली जिनिव्हात सुरू झालेल्या आयबीचा सहावी ते दहावीचा टप्पा म्हणजे मिडल इयर्स आणि अकरावी-बारावीचा टप्पा म्हणजे डिप्लोमा. केंब्रिज मंडळाच्या अभ्यासक्रमात सहावीपासून लोअर सेकंडरी, नववी-दहावीला आयजीसीएसई आणि अकरावी-बारावीला ए लेव्हल. आयबीची मान्यता टप्प्याटप्प्याने मिळते. शाळा 'कँडिडेट' असेल तर तिने अर्ज केला आहे, मान्यता अजून मिळालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे शाळेला विचारण्याआधी आयबीच्या आणि केंब्रिजच्या संकेतस्थळांवरच्या शाळांच्या यादीत स्वतः पाहावे, कारण एखाद्या शाळेला डिप्लोमाची मान्यता असते पण मिडल इयर्सची नसते, आणि माहितीपुस्तिकेत मात्र दोन्ही एकाच ओळीत छापलेले असते. मंडळाच्या नावावर किती भरवसा ठेवावा, याचा अनुभव आपल्याच राज्याने घेतला आहे. सरकारने मोठ्या उत्साहाने काढलेले महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ 2020 साली गुंडाळले गेले, आणि त्या शाळांमधल्या पालकांना आता पुढे काय, हे शोधत बसावे लागले.

आता बारावीकडे येतो. तुझ्या पत्रात "तिला डॉक्टर व्हायचे आहे, निदान आज तरी" असे एक वाक्य आहे, आणि माझ्या दृष्टीने तुझ्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती तीच. आयबी डिप्लोमात सहा विषय घ्यावे लागतात: दोन भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान, गणित आणि सहावा कला विषय, ज्याच्या जागी दुसरे विज्ञान घेता येते. मोजून पाहा, विज्ञानाचे दोनच विषय बसतात. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र असे तिन्ही लागतात. तिन्ही घ्यायचे तर सामाजिक शास्त्र सोडावे लागते, आणि त्यासाठी विद्यापीठाची अट दाखवून शाळेने आयबीकडे आगाऊ परवानगी मागावी लागते. ही सोय आहे, पण ती वेळेत मागितली तरच मिळते. माझ्या हाताखालून गेलेल्या एका मुलीने रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र असे विषय निवडले, अकरावीच्या मार्चमध्ये तिने भारतातच वैद्यकीयला जायचे ठरवले, आणि तोवर भौतिकशास्त्रात शिरण्याची वेळ टळून गेली होती. चूक समन्वयक म्हणून माझीही होती. विषयनिवडीच्या सभेत मी परदेशी विद्यापीठांबद्दल पाऊण तास बोललो होतो आणि नीटबद्दल एक वाक्यही नाही. ए लेव्हलला ही अडचण नाही, तिथे तीन-चारच विषय असतात आणि ते मोकळेपणाने निवडता येतात.

दुसरी अडचण दिनदर्शिकेची. आयबीच्या मे सत्राच्या परीक्षा एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन मेच्या मध्यापलीकडे जातात, आणि नीट बहुतेक वेळा मेच्या पहिल्या आठवड्यात असते. म्हणजे एका आठवड्यात दोन अगदी वेगळ्या धाटणीच्या परीक्षा. एकीकडे स्वतःच्या प्रयोगावरचा अहवाल आणि चार हजार शब्दांचा निबंध लिहायला शिकलेले मूल, दुसरीकडे मिनिटाला एक या वेगाने पर्यायी प्रश्न. आयबीचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो, मे-जूनला दिलेल्या ए लेव्हलचा ऑगस्टमध्ये. केंब्रिजने भारतातल्या शाळांसाठी मार्चचे सत्र ठेवले आहे, त्याचा निकाल मेमध्ये येतो. म्हणून केंब्रिजच्या शाळेत गेलीस तर ती मार्चचे सत्र देते का, हे पहिल्याच भेटीत विचार. तुम्ही पुण्यातच राहणार असाल आणि वैद्यकीय किंवा आयआयटी हीच वाट पक्की असेल, तर अकरावी-बारावीला सीबीएसई किंवा आपले राज्य मंडळ अधिक सोयीचे, हे मी आयबीत आयुष्याचा मोठा भाग घालवूनही मोकळेपणाने सांगतो. दहावीपर्यंत आयजीसीएसई आणि पुढे बारावीसाठी कनिष्ठ महाविद्यालय, अशी वाट पुण्या-मुंबईतली कितीतरी मुले धरतात, आणि त्यात कमीपणा नाही.

उलट, तिचे मन कायदा, डिझाइन, अर्थशास्त्र किंवा परदेशातल्या पदवीकडे वळले तर डिप्लोमा फार कामाचा ठरतो. त्यासाठीही सहावीपासून आयबीत असावे लागत नाही. मुळशीतले यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज 1997 पासून केवळ शेवटची दोन वर्षे, फक्त डिप्लोमा, निवासी पद्धतीने शिकवते. म्हणजे अकरावीचे दारही उघडे असते. "आत्ता नाही तर कधीच नाही" हे वाक्य प्रवेश विभागाच्या सोयीचे आहे.

मधल्या पाच वर्षांत शाळा काय करते, हे पाहायचे असेल तर एक काम कर: नववीतल्या कोणत्याही मुलाची विज्ञानाची तपासलेली वही पाहायला माग. मिडल इयर्समध्ये विज्ञानाचे चार निकष असतात, ए ते डी, प्रत्येकी 8 गुणांचे, आणि एकूण 32 पैकी 28 किंवा अधिक मिळाले तर सर्वोच्च श्रेणी 7. पालक पहिल्यांदा ते पान पाहतात तेव्हा "पण टक्के किती?" असे विचारतात. टक्के विचारू नकोस, समास बघ. निकष बी म्हणजे प्रयोगाची आखणी. तिथे नुसते '5' लिहून खाली बरोबरची खूण असेल, तर शाळा जुनीच आहे, फक्त शब्द नवे आहेत. त्याच्या शेजारी पेन्सिलीने "पाण्याचे तापमान स्थिर कसे ठेवलेस?" असे लिहिलेले असेल, आणि पुढच्या प्रयोगात मुलाने तापमानाची नोंद ठेवलेली दिसत असेल, तर शिक्षक खरोखर शिकवत आहेत. हीच वही दाखवायला शाळा कां-कूं करू लागली, तर तेही एक उत्तरच समज. जाता जाता हेही विचार की आता नववीला शिकवणाऱ्यांपैकी तीन वर्षांपूर्वी कितीजण इथे होते. शिक्षक टिकत नसतील तर अभ्यासक्रम जिनिव्हाचा असो की केंब्रिजचा, मुलाला शेवटी शिकवणीवालाच शिकवतो. आणि मिडल इयर्सच्या शेवटी शाळेची मुले आयबीची ई-असेसमेंट ही संगणकावरची परीक्षा देतात का, हे विचारायला विसरू नकोस. ती ऐच्छिक आहे. दिली नसेल तर दहावीअखेर हातात फक्त शाळेचे प्रगतिपुस्तक असते, आणि दुसऱ्या मंडळात जायची वेळ आली की तेवढ्यावर भागत नाही.

घरातल्या मराठीबद्दल तू काळजी व्यक्त केली आहेस, आणि ती योग्य आहे. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणे सक्तीचे आहे, पण सक्तीची तासिका आणि भाषा येणे या वेगळ्या गोष्टी. मला अधिक आवडणारी वाट वेगळी आहे. आयबी डिप्लोमात विद्यार्थ्याला आपल्या मातृभाषेचे साहित्य पहिली भाषा म्हणून, शाळेच्या देखरेखीखाली स्वतः अभ्यासून, परीक्षेला घेता येते. शिकवणारा शिक्षक शाळेत असायलाच हवा असे नाही, मूळ लेखन मात्र मराठीत वाचावे आणि मराठीतच लिहावे लागते. सोबत इंग्रजीही साहित्याच्या पातळीवर घेतली तर द्वैभाषिक डिप्लोमा मिळू शकतो. सहा वर्षांनी तिला हे जमावे असे वाटत असेल, तर आतापासून घरात रोज अर्धा तास मराठी वाचन हवे.

शुल्काबद्दल थोडक्यात. सहावीचा आकडा विचारून थांबू नकोस, बारावीचाही विचारून घे, कारण शेवटच्या दोन वर्षांत तो वाढतो आणि परीक्षा शुल्क वेगळे असते. 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याने शुल्कवाढ पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायची असते, तेव्हा ती समिती कोण आहे, ते विचार.

त्या चारपैकी ज्या दोन शाळा मनात राहिल्या असतील, त्यांचे अकरावीचे विषयपर्याय मागवून मला पाठव. नववीच्या वहीच्या एक-दोन पानांचा फोटो मिळाला तर तो आधी पाठव.

तुझे,
सर