बटव्यासारखं आवळा, गोंद लावू नका

काकू, दोसुतीवर (धागे मोजता येतील अशा जाडसर सुती कापडावर) कर्नाटकी कशिद्याचं तुळशीवृंदावन भरलंय, साधारण साडेतीन इंचांचं. ते भरतकामाच्या सहा इंची लाकडी रिंगमध्येच ठेवून भिंतीला लावायचंय. पण कितीही ताणलं तरी चार दिवसांत कापड सैल पडतं. मागच्या बाजूने गोंदाने चिकटवून टाकू का?
*– एक वाचक, चिपळूण*

नका. मी चिकटवलंय, म्हणून सांगते. पांढऱ्या केसमेंटच्या सुती कापडावर जाईची फुलं भरली होती, माझी पहिलीच रिंग. सुतारकामाचा गोंद घरात होता, तोच मागे थापला. दोन पावसाळ्यांनंतर कापड जिथे रिंगच्या कडेवरून वळतं तिथे पुढून पिवळट वळ उठला. धुवायचं तर काढायला हवं, आणि काढायला गेले तर कापडच टरकलं. तीन फुलं वाचली, ती आता उशीच्या अभ्र्यावर आहेत.

त्यातून तुमचा हा कशिदा! त्यातला गावंती टाका, म्हणजे जाऊन त्याच वाटेने परत येणारा धावदोरा, दोन्हीकडून सारखा दिसतो, गाठ कुठे मारायची नसते. एवढे धागे मोजून भरायचं आणि उलटी बाजू गोंदाने कायमची बुजवायची? जाणती बाई घरी आली की आधी रिंग उलटी करूनच बघते.

सैल पडतं कारण रिंगच्या दोन कड्यांपैकी आतलं कडं गुळगुळीत असतं, कापड त्यावरून सरकतं. जुन्या मऊ सुती धोतराची अर्धा इंच रुंद पट्टी फाडा आणि आतल्या कड्याला तिरकी गुंडाळत न्या, बॅटच्या दांड्याला गुंडाळतात तशी. शेवट दोन टाके घालून पक्का करा. पकड येते, शिवाय कच्च्या लाकडाचा पिवळेपणा कापडावर उतरतो त्यालाही ही पट्टी आडवी येते.

मग कापड धुऊन, इस्त्री करून, अगदी कोरडं करून चढवा. स्क्रू अर्धवट आवळा आणि कापड फक्त चार बाजूंनी ओढा: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. कोपऱ्यातून तिरकं ओढलंत की दोसुतीचे धागे वाकतात आणि वृंदावन कलतं. साध्या फुलात हे खपून जातं, मोजून भरलेल्या कामात लांबूनही कळतं. बोटाने टिचकी मारल्यावर डफासारखा आवाज आला की स्क्रू पूर्ण आवळा, शेवटचा अर्धा फेरा पेचकसाने.

स्क्रू वर, बरोबर मध्यावर येईल असं बघा, म्हणजे त्यातूनच दोरी ओवता येते. आणि तुमच्या कोकणातल्या हवेत स्क्रू गंजतोच. पितळी दिसतो म्हणून फसू नका, फ्रिजवरचं चुंबक लावून बघा. चिकटलं तर आत लोखंड आहे. असा स्क्रू बदला. तोवर स्क्रूपाशी कापडाची कड बाहेर राहू देऊ नका, गंजाचा डाग सहजासहजी जात नाही.

आता मागची बाजू. रिंगबाहेर दीड इंच कापड ठेवून गोल कापा. दुहेरी दोऱ्याने कडेपासून अर्ध्या इंचावर धावदोरा घाला, दोन्ही टोकं मोकळी ठेवा. मग टोकं ओढा. बटव्याचं तोंड आवळतो तसं कापड मागे गोळा होतं. गाठ मारा, झालं. भिंतीचा रंग आरपार दिसत असेल तर चढवतानाच मागे पांढऱ्या मांजरपाटाचा तुकडा जोडीने घ्या. फारच सफाई हवी तर फेल्टची चकती कापून चुण्यांवर काजाच्या टाक्याने शिवा. मी फक्त वरचा अर्धा भाग शिवते, खालून उचलून कशिद्याची पाठ दाखवता येते. चकतीवर तुमचं नाव आणि साल दोऱ्याने भराच.

निळ्या पाण्याच्या पेनने नक्षी काढली होती. भरून झाल्यावर इस्त्री फिरवली आणि रेषा तशाच राहिल्या. रिंगला लावण्याआधी जातील का?
*– एक वाचक, नाशिक*

पाणी आधी, इस्त्री नंतर. उष्णतेने ही निळी शाई पक्की होते. आता गार पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, साबण लगेच लावू नका. गेल्या तर गेल्या, खात्री देत नाही. उरलेल्या रेषांवर उलटी टीप घालून त्या झाका. इस्त्रीने उडणारी पेनं मिळतात, ती मला आवडत नाहीत: रेषा उडते, पण कडाक्याच्या थंडीत परत येते. भाचीला कॅनडाला पाठवलेली रिंग तिथल्या हिवाळ्यात पार्सलमध्ये पडून राहिली आणि मोराच्या मागे माझ्या सगळ्या खाडाखोडीसकट पोचली.

गाठीचे टाके इस्त्रीने चपटे होतात. आणि रिंगवर काच लावावी का?
*– एक वाचक, बेळगाव*

जाड पंचा चार पदरी घडी करा, भरतकाम त्यावर पालथं घाला आणि इस्त्री उलट्या बाजूने टेकवत जा, ओढू नका. गाठी पंचात रुततात, चपट्या होत नाहीत. काच नकोच, ती टाक्यांना चिकटते आणि पावसाळ्यात आतून घाम धरते. धुळीला रंगकामाचा नवा, मऊ ब्रश आहे. फक्त उन्हाच्या भिंतीवर टांगू नका, लाल दोरा सगळ्यांत आधी विटतो.