आपला माणूस आणि पगाराचा कागद

प्रश्न : ताई, माझा मुलगा टेक्सासमध्ये नोकरीला आहे. तो सांगतो, तिकडच्या लॅटिनो, म्हणजे मेक्सिको-क्यूबासारख्या देशांत मूळ असलेल्या, लोकांनी २०२४ ला ट्रम्प यांना भरभरून मतं दिली. ट्रम्प तर त्यांनाच हाकलायला निघालेत असं आपण बातम्यांत ऐकतो. मग या लोकांनी स्वतःच्याच पायावर धोंडा का पाडून घेतला?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : काका, मुलगा सांगतोय ते खरं आहे. टेक्सासच्या सीमेवर स्टार काउंटी नावाचा भाग आहे. तिथली जवळजवळ सगळी वस्ती लॅटिनो, बहुतेक मेक्सिकन वंशाची. १८९२ नंतर तिथे अध्यक्षपदाच्या निवडणुकीत एकही रिपब्लिकन उमेदवार पुढे गेला नव्हता. २०२४ ला ट्रम्प गेले. देशभरातल्या मतदानोत्तर चाचण्यांतही लॅटिनो मतांपैकी ४५ टक्क्यांच्या आसपास मतं त्यांच्याकडे गेल्याचं दिसलं.

पण धोंड्याची गोष्ट मला तितकीशी पटत नाही. मत असतं ते नागरिकाला आणि हाकलण्याची भीती असते ती कागदपत्रं नसलेल्याला. कधी कधी दोघं एकाच घरात राहतात, हे दुःख खरंच आहे. तरी मत देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्या वर्षी किराणा होता, घरभाडं होतं, पेट्रोल होतं. त्यात लॅटिनो म्हणजे काही एक माणूस नव्हे. कम्युनिस्ट क्यूबा सोडून आलेल्या फ्लोरिडातल्या क्यूबनांना समाजवाद हा शब्दच नको असतो. पोर्तो रिकोचे लोक तर जन्मानेच अमेरिकन नागरिक. 'मराठी मत' म्हणून साताऱ्याचा माथाडी, रायगडचा आगरी आणि नागपूरचा बँक कारकून एकाच पोत्यात भरले तर आपल्याला जसा राग येतो, तसाच त्यांनाही येतो. आणि हे मत कुणाच्या खुंटीला बांधलेलंही नाही. न्यू जर्सीतली पसेइक काउंटी, लॅटिनोंची मोठी वस्ती असलेली, २०२४ ला ट्रम्प यांच्याकडे गेली आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट उमेदवाराकडे परतली. मला त्या मतदारांचं कौतुक वाटतं. गृहीत धरणाऱ्यांना त्यांनी दोन्ही वेळा चुकीचं ठरवलं.

प्रश्न : ताई, स्पॅनिश मालिकांमध्ये लाचेला 'मोर्दिदा' म्हणतात. त्याचा नेमका अर्थ काय?
— एक विद्यार्थी, नेरुळ

उत्तर : मोर्दिदा म्हणजे चावा. मेक्सिकोत वाहतूक पोलिसाने गाडी अडवली आणि पावतीऐवजी नोट घेतली, की त्याने चावा घेतला. आपण चिरीमिरी म्हणतो तेव्हा ती किरकोळ वाटते. चावा म्हटलं की निदान दुखलं हे कळतं. आणखी एक शब्द लिहून ठेव : 'आकार्रेआदोस', म्हणजे वाहून आणलेले. सभेला गाड्या भरभरून आणलेल्या माणसांना तिकडे हे नाव आहे. त्यांना तोर्ता मिळतो, म्हणजे भरलेला पाव, आणि सोबत सरबत. आपल्याकडे तोर्त्याच्या जागी वडापाव.

प्रश्न : ताई, मनावर ओझं आहे म्हणून लिहिते. जानेवारीत महापालिकेच्या मतदानाच्या आदल्या रात्री मतदार चिठ्ठ्यांबरोबर दाराखालून एक पाकीट आलं. आमच्या घरात पाच मतं. सासूबाईंनी ते उचलून देव्हाऱ्यात ठेवलं. म्हणाल्या, 'उमेदवार आपल्या गावाकडचा आहे, आपला माणूस आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत.' नवरा म्हणतो, सगळेच देतात. मी मत दुसऱ्याला दिलं, पण पाकीट अजून तिथेच आहे आणि रोज दिवा लावताना मला दिसतं. तुम्ही लॅटिनो लोकांबद्दल लिहिता. त्यांच्यातही 'आपला माणूस' असतो का? मग ते काय करतात?
— एक वाचक भगिनी, कोपरखैरणे

उत्तर : ताई, आधी ते पाकीट आजच देव्हाऱ्यातून काढा. मतासाठी पैसे देणं हा जसा गुन्हा आहे तसाच ते घेणंही. पोलिस ठाण्यात लेखी अर्जासह जमा करा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. उशीर झालाय हे अर्जातच लिहा. घरात कुरबुर होईल, पण रोज दिवा लावताना तुमचा जीव खाली-वर होतो त्यापेक्षा ती परवडली.

आता तुमचा खरा प्रश्न. हो, तिकडेही आपला माणूस असतो, आणि त्याने काय होतं ते मी जवळून पाहिलंय.

२००७ ते २०१२ आम्ही लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसला राहत होतो. नोकरी नवऱ्याची, मला कामाचा परवाना नव्हता. म्हणून मी शिवणाच्या वर्गाला नाव घातलं. शिकवणारी बाई मूळची मेक्सिकोतल्या हालिस्कोची. सगळे तिला माएस्त्रा म्हणत, म्हणजे बाई, शिक्षिका. मला स्पॅनिश आलं ते तिच्यामुळे. तिची थोरली बहीण बेल नावाच्या गावात राहायची.

बेल म्हणजे जेमतेम अडीच चौरस मैलांचं गाव. वस्ती ३६-३७ हजारांची, दहातले नऊ लॅटिनो. कष्टकरी लोक, गोदामांत आणि कारखान्यांत कामाला जाणारे. आपल्या कोपरखैरण्याच्या एखाद-दोन प्रभागांत मावेल एवढंच.

जुलै २०१० मधल्या एका संध्याकाळी मी वर्गात गेले, तर कापड बेतायच्या टेबलावर कापड नव्हतं. 'लॉस एंजेलिस टाइम्स' पसरलेला होता आणि कपड्यावर खुणा करायच्या निळ्या खडूने एका आकड्याभोवती गोल काढलेला होता : ७,८७,६३७. बेलच्या सिटी मॅनेजरचा, म्हणजे आपल्या आयुक्तासारख्या अधिकाऱ्याचा, तो वर्षाचा पगार, डॉलरमध्ये. त्या वेळच्या दराने साडेतीन कोटींच्या वर. अमेरिकेच्या अध्यक्षाचा पगार तेव्हाही ४ लाख डॉलर होता. भत्ते आणि सुट्ट्या धरल्या तर त्या माणसाला वर्षाला १५ लाख डॉलर पडत होते, हे पुढे कळलं. पोलिसप्रमुखाला ४ लाख ५७ हजार. अर्धवेळ काम करणाऱ्या नगरसेवकांना एक लाखाच्या जवळपास, जेव्हा एवढ्याच आकाराच्या इतर गावांत नगरसेवकाला काही हजारांवर भागवावं लागे. आणि या गरीब गावातल्या घरपट्टीचा दर श्रीमंतांच्या बेव्हर्ली हिल्सपेक्षा जास्त होता.

माएस्त्राने त्या संध्याकाळी काही शिकवलं नाही. कारखान्यात शिवणारीला त्या पगारापर्यंत पोचायला किती वर्षं लागतील, याचा हिशेब ती वर्तमानपत्राच्या कडेला करत बसली. मग खडू ठेवून म्हणाली, 'लोस आपेयीदोस सोन नुएस्त्रोस.' आडनावं आमचीच आहेत.

तो मॅनेजर, रॉबर्ट रिझो, काही लॅटिनो नव्हता. पण त्याच्या पगारावर सही करणारी परिषद बहुतांशी त्यांच्याच आडनावांची होती. मतं मागताना आपल्याच भाषेत बोलणारी, आपल्याच चर्चमध्ये भेटणारी माणसं. माएस्त्राला पैशापेक्षा ते जास्त लागलं होतं.

हे झालं कसं, ते नीट ऐका, कारण आपल्या कामाचा भाग तोच आहे. २००५ च्या नोव्हेंबरात बेलमध्ये एक विशेष मतदान झालं. गावाला स्वतःची सनद, म्हणजे कारभाराची स्वतःची नियमावली, घ्यायची की नाही, एवढाच प्रश्न. सांगितलं असं गेलं की कारभार स्थानिकांच्या हातात येईल. सनद आली की राज्याने नगरसेवकांच्या मानधनावर घातलेली मर्यादा गावाला लागू राहणार नव्हती. मतदान केलं ४०० हूनही कमी लोकांनी. ३६ हजारांच्या गावात! कुणी फसवून मतपेट्या पळवल्या नाहीत. लोक घरी होते.

त्यानंतर नगरसेवक वेगवेगळ्या मंडळांवर बसायला लागले. वित्त, घनकचरा, शिल्लक मालमत्ता, प्रत्येकाचं मानधन वेगळं. यातल्या काही मंडळांची बैठक मिनिट-दोन मिनिटांत आटपायची. बैठकांची इतिवृत्तं होती, पगाराची कागदपत्रं होती, कायद्याने ती मागता येत होती. वर्षानुवर्षं कुणी मागितली नाहीत. शेवटी शेजारच्या मेवुड गावाची बातमी करायला गेलेल्या दोन वार्ताहरांनी मागितली. त्यांतला एक, रुबेन विवेस, ग्वाटेमालात जन्मलेला, लहानपणी कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आलेला. त्या वृत्तमालेला २०११ चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मानाचं पारितोषिक, मिळालं.

मग गाव उठलं. 'बास्ता' नावाची संघटना उभी राहिली. स्पॅनिशमध्ये बास्ता म्हणजे पुरे झालं. माएस्त्राची बहीण, जिने आयुष्यात कधी गावाची सभा पाहिली नव्हती, ती खुर्ची मिळत नाही म्हणून भिंतीला टेकून उभी राहायला लागली. सप्टेंबर २०१० मध्ये आठ जणांना अटक झाली. मार्च २०११ मध्ये लोकांनी मतदान करून जुन्यांना पदावरून हटवलं आणि नवी परिषद निवडली. सहा नगरसेवकांवर खटला चालला, पाच जण दोषी ठरले, एक निर्दोष सुटला. रिझोला २०१४ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली.

म्हणून मला तुमच्या सासूबाईंशी बोलायचंय. त्यांची चूक काढायला नाही. गाव सोडून मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहिलेल्यांच्या घरात गावाकडच्या माणसाचा आधार काय असतो, हे मला ठाऊक आहे. पण आपला माणूस या शब्दाआड काय काय लपतं, त्याचं अलीकडचं उदाहरण त्यांना सांगा. न्यू जर्सीचे माजी सिनेटर बॉब मेनेंडेझ, क्यूबाहून आलेल्या आई-वडिलांचा मुलगा. कित्येक लॅटिनो घरांत मुलांना त्यांचं नाव अभिमानाने सांगितलं जायचं. २०२२ मध्ये त्यांच्या घराची झडती झाली. सोन्याच्या लगडी आणि ४ लाख ८० हजार डॉलरपेक्षा जास्त रोकड निघाली, बरीचशी पाकिटांत घालून कोटांच्या खिशांत आणि कपाटांत ठेवलेली. आरोप ठेवले गेले तेव्हा ते म्हणाले की साध्या घरातला लॅटिनो माणूस इतका वर गेलेला काहींना बघवत नाही. म्हणजे झडती त्यांच्या कपाटाची, आणि ढाल सगळ्या समाजाची! जुलै २०२४ मध्ये ते सगळ्या, म्हणजे १६ आरोपांत दोषी ठरले आणि पुढच्या जानेवारीत ११ वर्षांची शिक्षा लागली. त्यांना दोषी ठरवल्याने कुठल्याही कष्टकरी लॅटिनोचा एक पैसाही गेला नाही. खोटं बोलून त्यांच्या भोळेपणाचा वापर झाला, तेव्हा गेलं ते गेलं.

आता आपल्याकडे या. नवी मुंबईत मे २०२० पासून नगरसेवकच नव्हते. पावणेसहा वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. १५ जानेवारी २०२६ ला मतदान होऊन १११ जण निवडून आले. पाकीट ज्याने दिलं तो आला की पडला, हे तुम्ही लिहिलं नाहीत आणि मी विचारतही नाही. तुमच्या प्रभागातून जे आले, त्या सगळ्यांकडे पुढची पाच वर्षं बघायचंय, गावाकडचा असो की कुठलाही. त्यांची शपथपत्रं आत्ताच उतरवून जपून ठेवा. मालमत्तेचा आकडा पाच वर्षांनी शेजारी ठेवून बघता येतो. गल्लीत पेव्हर ब्लॉक बसायला लागले की फलक शोधा. त्यावर ठेकेदाराचं नाव, रक्कम आणि दोषदायित्व कालावधी असायला हवा. तो कालावधी संपायच्या आत काम उखडलं तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. त्यासाठी नवं टेंडर निघालं तर विचारा. फलक नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. 'भ्रष्टाचाराची माहिती द्या' असं लिहू नका. कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, अदा केलेल्या बिलाची प्रत, असं नेमकं मागा. मोजमाप पुस्तिका विसरू नका. किती ब्रास खडी पडली, हे तिथे कुणीतरी सहीनिशी लिहिलेलं असतं.

वाशीला आमच्या सोसायटीत आम्ही पाच जणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अर्थसंकल्प वाचतो. पहिल्या वाचनाला तीन पानंसुद्धा झाली नाहीत. लेखाशीर्ष म्हणजे काय इथेच अडलो. आमच्यातली एक कृषी उत्पन्न बाजार समितीत हिशेबनीस होती, तिने पट्टी ठेवून एकेक ओळ समजावली. चौथ्या वाचनाला एका बाईने स्वतःहून बोट ठेवलं : आमच्या उद्यानाच्या देखभालीची तरतूद दुप्पट झाली होती, आणि उद्यानाच्या नळाला महिनाभर पाणी नव्हतं. त्या एका ओळीवर अर्ज गेला आहे. उत्तर यायचंय.

तुम्ही या. पहिला रविवार, सकाळी अकरा. सोसायटीचा पत्ता संपादकांकडून घ्या. येताना चष्मा आणि पट्टी आणा, छपाई फार बारीक असते. सासूबाईंनाही घेऊन या. बाजारातला हिशेब त्यांनी आयुष्यभर तोंडी केला असणार, आम्हाला त्यांचा उपयोग होईल.