यकृताला अवधी द्या

दारू सोडून तीन आठवडे झाले तरी जीजीटीचा (रक्ततपासणीत यकृतावरचा ताण दाखवणाऱ्या घटकाचा) आकडा चढाच आहे म्हणून खचू नका. तो निम्म्यावर यायलाच साधारण दोन-तीन आठवडे लागतात. खानापूरहून बेळगावला तपासणीसाठी बसने जाताना मी माझ्या रिपोर्टचा कागद इतक्यांदा उघडून पाहिला होता की तो घडीवरच फाटला. यकृतात साठलेली नुसती चरबी, दारू पूर्ण बंद ठेवली तर, बहुधा काही आठवड्यांत उतरते. सिरोसिसचे, म्हणजे यकृत कडक होऊन आकसण्याच्या आजाराचे, व्रण मात्र सहसा पूर्णपणे जात नाहीत, तरीही दारू सोडल्याने पुढची हानी मंदावते. म्हणून आपण नेमके कोणत्या टप्प्यावर आहोत, हे डॉक्टरांना विचारून सोनोग्राफी करून घ्या.

यकृत साफ करणारी म्हणून बाजारात मिळणारी चूर्णे माझ्या मते टाळावीत, कारण त्यांतली काही यकृतालाच बाधतात. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलही विचारूनच घ्यावी. उपास नकोत, अख्खा मसूर, भाकरी, अंडी असे पोटभर खा. लक्ष्मीच्या यात्रेत ‘एका घोटाने काय होतंय’ म्हणणारे पाहुणे भेटतीलच (मला तर सख्खा मेहुणाच भेटला), त्यांच्या पंगतीत यंदा बसू नका. डोळे पिवळे दिसले, पोट फुगले किंवा शौच डांबरासारखी काळी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.