तुम्ही अलीकडे कोणते चित्रपट पाहिले आणि ते कसे वाटले?

कामाच्या गडबडीत वर्ष-दोन वर्षांत धड सिनेमा बघितला नाही, आता काय बघू, आणि 'स्टार नकोत, खरं मत सांगा' असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. बरं झालं. पाचपैकी साडेतीन म्हणजे नक्की काय, ते मला अजून कळलेलं नाही.

आधी माझी एक खोड सांगते, म्हणजे पुढची मतं कुठून आली ते कळेल. मी सिनेमात नायक-नायिकेपेक्षा बाकीच्यांकडे जास्त बघते. चहावाली, हवालदार, वॉर्डबॉय, मुलगी बघायला आलेल्या मंडळींतला तो एक अक्षर न बोलणारा काका. हा माणूस या प्रसंगाआधी कुठेतरी होता आणि नंतर कुठेतरी जाणार आहे, असं वाटलं की माझा दिग्दर्शकावर विश्वास बसतो. तो फक्त नायकाला उत्तर द्यायला आणून उभा केलाय असं वाटलं, की पुढे कितीही तोफा उडवा, माझं लक्ष मोबाइलकडे जातं.

म्हणूनच सध्या मी छाया कदम या अभिनेत्रीच्या मागे लागले आहे. ओळीने तिचे सिनेमे बघितले, काही पुन्हा बघितले. 'फँड्री'त (2013) ती जब्याची आई. शेवटी शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकरामागे धावणारं ते अख्खं कुटुंब आहे तिथे ताठ उभं राहतं. त्या प्रसंगाबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, पण सगळ्यांची नजर जब्यावर आणि त्याच्या वडिलांवर, कचरूवर असते. पुढच्या वेळी आईकडे बघा. 'सैराट'मध्ये (2016) ती हैदराबादची सुमन अक्का, पळून आलेल्या पोरांना आसरा देणारी, डोशाची गाडी चालवणारी. किरण रावच्या 'लापता लेडीज'मध्ये (2024) ती स्टेशनवर चहा-पकोड्याचा ठेला चालवणारी मंजू माई. आणि पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'मध्ये (2024) मुंबईच्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती. शेवटच्या तिन्हीकडे ही बाई दुसऱ्यांना खायला घालते! आपल्याकडे सावळ्या, मध्यमवयीन बाईला सिनेमात एवढंच काम मिळतं, याचा राग यायला हवा आणि येतोही. पण त्या तीन बायका एकमेकींसारख्या अजिबात नाहीत. सुमन अक्का आधी मदत करते आणि मग चौकशा. मंजू माई आधी वस्सकन अंगावर येते. पार्वती दोन्ही करत नाही, ती आपल्या कामाला लागते.

'लापता लेडीज' तुम्ही पाहिला नसेल तर घरातल्या सगळ्यांना घेऊन बसा, आजीपासून नातवापर्यंत. गोष्ट 2001 सालची. रेल्वेच्या एकाच डब्यात घुंगट घेतलेल्या नव्या नवऱ्या, आणि नवरा भलतीलाच घेऊन उतरतो. खरी नवरी फूल स्टेशनवर अडकते, कारण तिला सासरच्या गावाचं नावच नीट माहीत नाही. एखाद्या फुलाच्या नावाचं गाव, एवढंच आठवतंय. मंजू माई तिला झापते ते याच्यावरून: घरकाम सगळं शिकवलं, घरी परत कसं जायचं ते नाही शिकवलं. हसताहसता घशात अडकतं ते. माझी एकच तक्रार. शेवटी सगळे धागे फारच गोड जुळून येतात. लाचखाऊ इन्स्पेक्टरचं काम रवी किशनने झकास केलंय, पण त्याचं मन इतक्या सहज कुठे पालटतं? पोलीस स्टेशनला एकदा तरी तक्रार नोंदवायला गेलेला माणूस मनातल्या मनात हसेल.

'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'वर जरा जास्त बोलते, कारण तो आपल्या इतका जवळचा असून आपल्याकडच्या फार थोड्या लोकांनी पाहिलाय. 2024 मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळालं. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट असण्याचीच ती तीस वर्षांनंतरची वेळ. छाया कदम तिथे आईची साडी आणि आईचीच नथ घालून गेली होती, त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. सिनेमा मात्र 'पुरस्कारवाला आहे, आपल्याला नाही झेपणार' म्हणून बाजूला पडला. झेपतो हो. मुंबईतल्या दोन मल्याळी नर्स, प्रभा आणि अनू, एका खोलीत राहतात. प्रभाचा नवरा लग्न होताच जर्मनीला गेलाय, फोनही येत नाही, आणि एक दिवस अचानक तिकडून एक लालभडक राइस कुकर येतो. कुणी पाठवला, चिठ्ठी नाही. रात्री प्रभा जमिनीवर बसून तो कुकर कवटाळते. बस्स. संवाद नाही, रडारड नाही.

पण माझ्यासाठी हा सिनेमा पार्वतीचा आहे. नवरा गिरणी कामगार, तो वारला. वीस वर्षांहून जास्त एकाच खोलीत राहिली आणि आता बिल्डर घर खाली करायला सांगतोय, आणि हिच्याकडे कागद नाही. एकही नाही. वकील विचारतो, काहीतरी असेल ना, आणि नसतं. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते हे आपण वाचलेलं असतं. माझं आजोळ लालबागचं, त्यामुळे पुढचंही थोडं ठाऊक आहे: भाडेपावती सासऱ्यांच्या नावावर, रेशनकार्ड दिरांच्या नावावर, लाइटचं बिल तिसऱ्याच कुणाच्या नावावर, आणि राहणारी बाई कुठल्याच कागदावर नाही. माझी मावशी हा सिनेमा बघताना त्या प्रसंगाला एवढंच म्हणाली, "हिने निदान मतदान कार्ड तरी वेगळं ठेवायचं होतं." समीक्षकांना हे सुचणार नाही. पुढे पार्वती आणि प्रभा रात्री बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड भिरकावतात आणि पोरींसारख्या पळतात. 'फँड्री'च्या शेवटी जब्या दगड मारतो तो थेट आपल्यावर येतो. इथे तसं नाही, फलकाला काही होत नाही, त्या दोघी हसतात, संपलं. मला हा दगड जास्त खरा वाटला. मुंबईत बिल्डरला दगड मारून तेवढंच होतं.

उत्तरार्ध रत्नागिरीकडे जातो. पार्वती गावी परतते, प्रभा आणि अनू सामान पोचवायला जातात. सगळ्यांना तो भाग आवडला, मला पहिला जास्त. समुद्र आहे, झाडी आहे, मोकळं वाटतं हे सगळं कबूल. पण बाई इतक्या वर्षांनी कायमची गावी परत आली आणि वाडीतली माणसं चौकशीला आली नाहीत? कोकणात? टेम्पोतून पहिलं गाठोडं उतरायच्या आत दोघीतिघी अंगणात येऊन 'किती दिवस ऱ्हवणार' विचारून गेल्या असत्या. मुंबईत एवढी माणसं दाखवणारा कॅमेरा गावी आल्यावर एकांत शोधायला लागतो, तिथे तो थोडा शहरी वाटला. ही माझी खुसपटं आहेत. सिनेमा बघाच.

'छावा'. (2025. हा भाग वाचून खाली भांडायला येणार असाल तर आधी पाणी प्या.) विकी कौशलने जीव ओतलाय, अक्षय खन्नाचा औरंगजेब जवळजवळ काही न करता धडकी भरवतो, आणि कैदेत असताना संभाजीराजे आणि कवी कलश एकमेकांना काव्यात उत्तरं देतात तो प्रसंग मला फार आवडला. विनीत कुमार सिंहने कलश सुंदर केलाय. पण माझ्या खोडीप्रमाणे बघितलं तर? संतोष जुवेकरसारखे आपले नट घेतले, आणि त्यांना करायला काय दिलं? रायाजी, अंताजी लढतात आणि पडतात. घरी कोण होतं त्यांच्या, कुठल्या गावचे, महाराजांशी चेष्टेने कधी बोलायचे की नाही? पडद्यावर शेकडो मावळे आहेत आणि एकही ओळखीचा होत नाही. त्यामुळे ते पडतात तेव्हा संगीत वाढतं, पोटात काही तुटत नाही. थिएटरात घोषणा सुरू होत्या, मीही उभी राहिले, अंगावर काटा आला. पण तो काटा शाळेत असताना ऐकलेल्या गोष्टींमुळे आला. सिनेमाने आपला काटा वेगळा कमवायला हवा होता, असं मला वाटतं.

याच्या अगदी उलट टोकाला 'सिंहासन' (1979). जुना आहे, पण मी हल्लीच पुन्हा बघितला म्हणून यादीत. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन', तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. लागू अर्थमंत्री, सतीश दुभाषी कामगार नेते, म्हणजे खुर्चीवरची आणि खुर्चीकडे डोळे लावून बसलेली सगळी मोठी माणसं. पण ती सगळी आपल्याला दिसतात निळू फुल्यांच्या दिगू टिपणीस या पत्रकारामागून. जो एरवी कोपऱ्यात वही घेऊन उभा असतो त्याच्याच हातात गोष्ट दिली. तो काही करत नाही, फक्त सगळं ठाऊक असतं त्याला. 'उषःकाल होता होता' हे गाणं आपण सभासंमेलनांत इतकं ऐकलंय की गुळगुळीत झालंय. सिनेमात ते कुठे येतं ते बघा. निळू फुले म्हटलं की 'बाई वाड्यावर या'ची नक्कल करणाऱ्या पोरांना हा सिनेमा सक्तीने दाखवावा.

'वाळवी' (2023): परेश मोकाशींचा, नवऱ्याने आखलेल्या खुनाचा आणि बेत फसत जाण्याचा विनोदी थरार. गोष्ट अजिबात वाचू नका, ट्रेलरही बघू नका. शेवट आधी सांगणाऱ्या मित्राशी मैत्री तोडा.

'साबर बोंडं'चं नाव परदेशात गाजलं. 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागातलं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक रोहन कानवडेंच्या या पहिल्याच चित्रपटाला मिळालं. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो आणि तिथे लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. दोन पुरुषांचं प्रेम आहे म्हणून काहींनी नाक मुरडलं, काहींनी त्याच कारणाने डोक्यावर घेतलं. मला त्याहून लक्षात राहिले ते सुतकातले नातेवाईक. काय खायचं, काय घालायचं, हे सांगणाऱ्या आत्या-काका, आणि दुःखाच्या घरातसुद्धा 'मग लग्नाचं काय' हा विषय काढणारे. कुणी खलनायक नाही त्यात. प्रेमानेच छळतात. हे ज्यांनी भोगलंय त्यांना कळेल. वेग संथ आहे. रात्री जेवण झाल्यावर, डोळे मिटायला आलेले असताना लावू नका.

आणि 'स्थळ', जयंत सोमलकरांचा. महोत्सवांमध्ये 2023 पासून फिरत होता, आपल्याकडे थिएटरात मार्च 2025 ला आला. मी गेले तेव्हा थिएटर जवळजवळ रिकामं होतं, आणि खेळाची वेळ दुपारची, म्हणजे नोकरी करणाऱ्या कुणी बघूच नये अशी. चंद्रपूरकडचं डोंगरगाव, जे दिग्दर्शकाचं स्वतःचं गाव, आणि पडद्यावरची माणसंही तिकडचीच. सविताला शिकायचंय, परीक्षा द्यायचीय. वडील कापूस पिकवतात, कापसाला भाव नाही. आणि पाहुणे येतात. मुलगी स्टुलावर बसते, समोर ओळीने पुरुष, नाव काय, शिक्षण काय, उंची किती. पाहुणे जातात. मग दुसरे पाहुणे येतात आणि पुन्हा तेच, त्याच क्रमाने. सुरुवातीला थिएटरात लोक हसत होते, मीही. बोली अशी आहे की हसू येतंच. प्रश्न बदलत नाहीत, मुलीचा चेहरा मात्र प्रत्येक खेपेला किंचित बदलत जातो. नंदिनी चिकटेने हे काम केलंय, आणि तिला वाक्यं इतकी कमी आहेत की मोजता येतील. इथे ते न बोलणारे काका भरपूर आहेत! एकजण पोह्यांवरून नजर उचलत नाही, एकाला नुसती घाई आहे. त्यांतला कुठलाही मी आमच्या नात्यात दाखवू शकेन. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक काकू होत्या, मध्यंतरात मला म्हणाल्या, "आमच्या वेळी चालूनसुद्धा दाखवायला लावायचे." आणि समोसा खायला लागल्या.

इतक्या दिवसांनी बघताय तर सुरुवात 'स्थळ'पासून करा. पहिल्या-दुसऱ्या पाहुण्यांच्या वेळी वाटेल की हे कळलं, पुढे काय. तिथे बंद करू नका, निदान तिसरे पाहुणे येऊन जाईपर्यंत थांबा. मग शनिवारी सगळ्यांसोबत 'लापता लेडीज', आणि 'ऑल वी इमॅजिन' एकट्याने. 'छावा' तुम्ही माझं न ऐकता बघालच.